सुंदरबाईच्या हातचं तूप

धानोऱ्यात त्या काळी मुलीचं लग्न ठरलं की सोनाराच्या आधी सुंदरबाईकडे निरोप जायचा. पोरगी हिवतापानं पिवळी पडलेली असो की जन्माचीच किरकोळ, हिवाळाभर सुंदरबाईच्या घरी जेवली की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ओळखू येत नसे. नंदुरबारच्या पोस्टात हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या मिळत, पण गावाचा भरवसा सुंदरबाईवर. बाईकडे एक म्हैस, तुकडाभर जमीन आणि दांडगी चिकाटी. उडदाचे लाडू, दादर ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, दुपारी अंगाला तेल आणि उन्हात जायची बंदी, एवढंच तिचं औषध. तिच्या हातचं अन्न अंगी लागतं, असं सगळे म्हणत. बाई विधवा, म्हणून हळदीला तिला कुणी बोलवत नसे. हळद ज्या अंगाला लागायची ते अंग मात्र तिनंच भरायचं. आमचं गाव असं हिशेबी.

सुंदरबाई या नावलौकिकावर जगत होती, हे खोटं नाही. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. धाकटा दीर भाईदास, त्याच्या घराला लागून असलेल्या खोलीत ती राहायची. भाईदास तिला वहिनी वहिनी करी आणि वाट्याचं धान्य वेळेवर देई. बाकी तिचं म्हणावं असं काय होतं? एक नाव होतं.

मग तिच्या बहिणीची पोरगी गजरा तिच्याकडे आली. वय बारा-तेराचं, लग्न ठरलेलं. मावशीनं जीव ओतून खाऊ घातलं आणि गजरा अशी काही भरली की सासरचे बघतच राहिले. पोर शहाणी झाली, वयात आली असं समजून लग्नानंतर लगेच तिला नांदायला नेलं. वर्षाच्या आतबाहेर बाळंतपणात ती गेली. दाईनं नंतर सांगितलं, की वरून बाई दिसत होती, पण हाडं पोरीचीच होती. सुंदरबाईला कुणी बोल लावला नाही. उलट भेटायला गेली तर बहीण गळ्यात पडून म्हणाली, की तू तिचं एवढं केलंस आणि नशिबानं असं केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून सुंदरबाईला आपल्याच हाताचं भय वाटायला लागलं. गुडघे दुखतात असं सांगून तिनं लग्नाच्या पोरी घेणं बंद केलं.

पण भाईदासला नाही कसं म्हणणार? त्याची थोरली धनु, तेरावं लागलेलं, कळसाडीच्या मोठ्या घरात दिलेली. मोठी लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती, कापसानं कळसाडीवाल्यांना हात दिला होता, आणि असं स्थळ सोडायला भाईदास काही खुळा नव्हता. नवऱ्या मुलाच्या आईनं, रुक्मिणीबाईनं, चांदीचं कडं पाठवलं होतं. कडं पोरीच्या हातात घट्ट बसलं की तारीख धरू, असा निरोप होता. धनुच्या हातातून ते कोपरापर्यंत वर जाई आणि हात खाली केला की जमिनीवर पडे. भाईदासनं तुपाची कासंडी आणि धनु, दोन्ही सुंदरबाईच्या खोलीत आणून सोडली. आखाजीच्या आत कडं बसलं पाहिजे, एवढं सांगून तो गेला.

सुंदरबाईनं पहिल्या दिवशी ताटात तूप वाढायला घेतलं आणि तिचा हात थांबला. समोर धनु एका पायावर उड्या मारत लंगडी घालत होती. गजराही अशीच लंगडी घालायची.

पोरीला उपाशी ठेवणं तिच्या जिवाला पटलं नाही. भाकरी, भाजी, डाळ पोटभर वाढली. मात्र लाडू बंद, तूप बंद, सावलीही बंद. सकाळी शेताच्या टोकापर्यंत पळत जायचं, चाऱ्याचा भारा आणायचा, नदीवरून पाणी भरायचं, संध्याकाळी झोक्यावर उभ्यानं चढायचं. विचारलं तर सुंदरबाई म्हणे, नवी रीत आहे, आधी भूक वाढवायची. भाईदासचं तूप देवीच्या दिव्यात जळायला लागलं. गावाला वाटलं, बाई म्हातारपणी देवाला लागली. दिवा लावताना तिची मान वर होत नसे. दिराला फसवते आहे, त्याच्या तोंडचं तूप जाळते आहे, हे तिला ढळढळीत कळत होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती तेच करी.

धनु मात्र हरणीसारखी झाली. काटक, काळीसावळी, गालावर लाली, खोकला नाही की ताप नाही. आखाजीच्या आधी रुक्मिणीबाई स्वतः आली. तिनं कडं चढवलं, आणि ते पहिल्यासारखंच घसरून खाली आलं. पोरीच्या दंडाला हात लावून ती हसली.

"पोर निरोगी शे, भाईदासभाऊ. पन आजून पोरच शे. दोन वरीस जाऊ द्या," ती म्हणाली.

सोयरीक मोडली नाही, पण भाईदासचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यानं वहिनीच्या खोलीतून रिकामी कासंडी उचलून नेली. गावानं मात्र तोंडसुख घेतलं. सुंदरबाईच्या हाताचा गुण गेला, म्हैस बदलली असेल, नजर लागली असेल. ज्या बायकांच्या पोरी तिनं भरवल्या होत्या त्याही पाणवठ्यावर तोंड फिरवून हसायला लागल्या. सुंदरबाईला वाईट वाटलं नाही. बरोबरच चाललंय, असं तिला वाटलं.

तिला सोसलं नाही ते पुढचंच. धनु घरी गेल्यावर अबोल झाली. आई स्वयंपाकघरातून बाहेर गेली की लोण्याचे गोळे घशाखाली ढकलायची आणि मागं जाऊन ओकायची. एका दुपारी ती काकीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकी, तू काय करशी," ती म्हणाली. "मन्हं आंगच वंगाळ शे. मन्हामुये लोके तुले नावं ठेवतस."

सुंदरबाई जात्यावर बसली होती, तिनं खुंटा सोडला. शिक्षा तिनं आपल्यासाठी मागितली होती आणि ती या पोरीच्या डोक्यावर जाऊन बसली होती. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. बाहेर कळलं तर भाईदास खोलीतून काढील, हेही तिला ठाऊक होतं. तिनं धनुला जवळ ओढून बसवलं.

"तुन्हं आंग सोन्यासारखं शे, माय. मीच ते भरू दिधं नही. तुन्हं तूप मी दिवामा जाळं."

मग तिनं गजराचं सगळं सांगितलं, दाई काय म्हणाली तेही. धनु ऐकत राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. तिनं विचारलं,

"मंग गजराअक्काले का बरं नही वाचाडं?"

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं सुंदरबाईच्या ओठांवर आलं होतं. पण गजरा लंगडी घालताना तिनं पाहिलं होतं. ही अजून लेकरू आहे, हे तेव्हाही तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि तिनं लाडू वाढला होता.

"तवय माले मन्हं नाव जास्ती प्यारं व्हतं," ती म्हणाली.

धनु उठली नाही. दुसऱ्या बाजूनं जात्याचा खुंटा धरून बसली, आणि दोघींनी मिळून उरलेलं दळण संपवलं.