पीरमहंमद नालबंदांचा तेविसावा बैल

पीरमहंमदचाचा नालबंद रोज संध्याकाळी दारात उकिडवे बसून सुजलेली बोटं चोळतात आणि म्हणतात, "आजचा दिस गेला, हात चाललं, भाकरी मिळाली. आजून काय पायजे, मास्तर?" मला त्यांच्या या समाधानाचा राग येतो. का येतो, ते सांगतो.

चाचांचं वय चौसष्ट. पलूस-कडेगाव पट्ट्यातल्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारण्यात त्यांचा जन्म गेला. ट्रॅक्टर आले तसं गिऱ्हाईक आटलं. उरल्या त्या हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलगाड्या. डांबरावर खूर झिजतात, म्हणून लोखंडाची पत्री लागतेच. कारखाना साफसफाईला एखादा दिवस बंद असला की गाड्याही थांबतात. त्या दिवशी चाचा फुकट पत्र्या मारायचे आणि त्यांच्या बायको शमशादचाची आडव्या पाडलेल्या बैलाची मान दाबून बसायच्या. "म्हापुरात गावानं आमाला जेवू घातलं," एवढंच कारण चाचा सांगायचे.

मग त्यात आमचं सेवा मंडळ घुसलं. मंडळ म्हणजे अध्यक्ष लालासाहेब, सचिव मी, आणि फोटोत मावतील तेवढे बाकीचे. गेल्या जानेवारीत आम्ही फलक लावला, 'मोफत पत्री शिबिर, पंचवीस बैल'. एक नालबंद दिवसाला दहा-बारा बैल करतो, हे मला ठाऊक होतं. तरी आकडा मीच घातला. बारा फलकावर बरे दिसत नव्हते.

विसाव्या बैलाला चाचांचे हात थरथरायला लागले. चाची म्हणाल्या, "बास करा की, मास्तर. त्यास्नी उभं ऱ्हावंना."

"आवं चाची, पाचच तर ऱ्हायलंत," लालासाहेब हसले.

तेविसाव्या बैलाच्या पत्रीचा खिळा जिवंत मांसात गेला. पाय बांधलेले, त्यामुळं बैल नुसता अंगभर थरारला. चाचांनी खिळा उपसला, जखम धुतली आणि बैलाचा मालक केरबा, बीडकडचा गाडीवान, त्याच्यापुढं हात जोडले. "चूक माजी हाय. म्हैनाभर ह्याला माज्या दारात बांधतो. रोज पाय धुतला तर हुभा ऱ्हाईल. न्हाई धुतला तर सडंल." केरबाला सकाळी गाडी जुंपायची होती. त्यानं मुकादमाकडून दुसरा बैल घेतला आणि हा चाचांच्या हाती दिला.

चाचा लंगडा बैल घेऊन रस्त्यानं निघाले. एका मुसलमान म्हाताऱ्याच्या हातात लंगड्या बैलाचा कासरा, बस्स. चौकात माणसं जमली. त्यातल्या निम्म्यांच्या बापांचे बैल चाचांच्या हाताखालून गेलेले. "कुठं चालवलाय?" म्हणाले. चाचा म्हणाले, केरबाला फोन लावा. कुणी लावला नाही. लालासाहेब आले, तेव्हा मला वाटलं, हे सांगतील. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा इस्वास हाय वो, चाचा. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बैल मंडळाच्या गोठ्यात ऱ्हाऊ द्या. तुमच्याच भल्याचं हाय." मी मान डोलावली. मला सगळं माहीत होतं आणि मी मान डोलावली.

गोठ्यात बैलाला हार घातला, फोटो काढला, खाली 'जीवदान' असं लिहिलं. वैरण टाकली, पेंड घातली. पाय मात्र कुणी धुवेना, त्याला वास यायचा. चाचा रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्याची बादली घेऊन फाटकाशी उभे राहायचे. गैरसमज नको म्हणून त्यांना आत सोडायचं नाही असं ठरलेलं. ते बाहेरूनच सांगायचे, "मास्तर, खुराच्या फटीत बोट घालून धुवा. पू वर चढंल बगा." मी "व्हय" म्हणायचो. दोनदा धुतलाही. तिसऱ्यांदा शाळेत तपासणी निघाली, मग राहिलंच. चाचांच्या बादलीतलं पाणी गार व्हायचं आणि ते रस्त्याकडेला ओतून ते घरी जायचे.

सोळाव्या दिवशी बैल बसला तो उठला नाही. गुरांच्या डॉक्टरांना आम्ही तेव्हा पहिल्यांदा बोलावलं. ते म्हणाले, फार उशीर केलात. आता मेल्यावर ह्याला ओढायचं कुणी, असा प्रश्न निघाला, तेव्हा कुठं लालासाहेबांना चाचा आठवले.

चाचा आले. त्यांनी बैलाचा पाय मांडीवर घेतला, अळ्या एकेक करून काढल्या, फट स्वच्छ धुतली, हळद-तेल भरलं, फडकं बांधलं. सकाळी गाडीला जुंपायचा असल्यासारखं सगळं नीट केलं. दुपारी बैल मेला.

मला वाटत होतं, ह्यांनी माझ्या थोबाडात मारावी, आईबहिणीवरून शिव्या घालाव्यात, म्हणजे मी सुटेन. चाचा गुडघ्यांवर हात टेकून कसेबसे उठले आणि माझ्यापुढं हात जोडले.

"लय उपकार झालं, मास्तर," ते म्हणाले. "मला आत घेतलंसा."