हरताळाच्या दिवशी घासलेटची गाडी

वडिलांची गिरणी सुटली तेव्हा मी सहावीत होते. सुटली म्हणजे कुणी हाकललं नाही. ते बदली कामगार. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याने आत जायचं. जॉबरशी त्यांचं काहीतरी बिनसलं आणि बोट त्यांच्या दिशेला वळेनासं झालं. ते रोज जात, रोज परत येत, आणि खुंटीला सदरा अडकवून भिंतीकडे तोंड करून बसत.

लालबागच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीतलं घर चाललं होतं ते आईच्या खानावळीमुळे. गावाकडचे एकटे राहणारे गिरणीकामगार दोन वेळ जेवायला येत. त्यांची ताटं आधी, आमची मागून. मागून म्हणजे कालवण संपलेलं असे. भात आणि तव्यावर परतलेली सुकी मिरची हे आम्हां भावंडांचं नेहमीचं जेवण होतं. हे सांगायला मला कसली लाज वाटत नाही.

एके दिवशी आई म्हणाली, "गावाक जावया. थंय निदान भाडा तरी भरूचा लागणा नाय."

मला आधी शाळा आठवली. गावची शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या पुढच्या मुली तिथे शेण काढत आणि लग्नाची वाट बघत. आईने आमची बिऱ्हाडाची ट्रंक खाटेखालून ओढून पुसूनसुद्धा ठेवली होती.

तेवढ्यात रे रोडच्या बाजूला घासलेटचा धंदा असलेल्या एका शेठने वडिलांना गाडीवर घेतलं. वडील बैलांत वाढलेले, एवढं एकच कसब त्यांना शेठपुढे सांगता आलं. शेठने अट घातली: "गाडी माझी, बैल माझा. दोघांपैकी एकालाही काही झालं, तर तोंड दाखवायला येऊ नकोस." आई म्हणाली, "बरा. ह्या टिकला तर रवांया, नाय तर गावाक." ट्रंक परत खाटेखाली गेली, पण रिकामीच राहिली. आमचे सणाचे कपडे एरवी तिच्यातच असत, पण इथेच राहायचं नक्की होईपर्यंत तिच्यात पुन्हा काही भरायला आई तयार नव्हती.

त्या काळात आमच्या गल्लीत अशा गाड्या रोज यायच्या. खड्याचं मीठ घेऊन बैलगाडी यायची, तिच्या फळ्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या. बर्फाची घोडागाडी यायची, भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन, आणि आम्ही पोरं तिच्या मागे गळणारं पाणी ओंजळीत धरायला धावायचो. पण सगळ्यांत जास्त वाट बघितली जायची ती घासलेटच्या गाडीची. दोन चाकांवर आडवी लोखंडी टाकी, मागे घासलेट सोडायची पितळी चावी, चावीच्या बाजूला आकड्यावर टांगलेली मापं आणि नरसाळं, पुढे एकच बैल. वडील गाडी थांबवून मापाने टाकीवर तीनदा ठोकायचे. वर चाळीच्या गॅलरीत आवाज उठायचा, "घासलेटवाला आला गो," आणि डबे, बाटल्या घेऊन बायका जिन्यावरून खाली उतरायच्या.

बैल पांढरा, एका शिंगाचं टोक तुटलेला. वडिलांनी त्याला कधी चाबूक लावला नाही. थोड्याच महिन्यांत त्याला सगळा फेरा पाठ झाला. लालबागपासून काळाचौकी, तिथून घोडपदेव आणि शेवटी रे रोडचा तबेला. कुठल्या चाळीपुढे थांबायचं ते त्याचं त्याला कळायचं. मापाची ठोक ऐकायची, विक्री होईतो उभं राहायचं, मग वडील टाकीच्या झाकणावर तळहाताची थाप मारत आणि म्हणत, "चल रे पुता." तेव्हाच तो पाय उचलायचा. ठोक आणि थाप, दोन्ही झाल्याशिवाय नाही. वडिलांना याचा फार अभिमान. जेवायला आलेल्या माणसांना सांगत, "माका कासरो लागणा नाय. गाडी तोच चालवता, मी आपलो घासलेट विकतंय."

घोडपदेवच्या शेवटच्या थांब्यावर आणखी एक भर पडली होती. तिथे पहिल्या मजल्यावर साताऱ्याकडची एक म्हातारी राहायची. ती रोज बैलाला भाकरीचा तुकडा द्यायची, आपल्या हाताने. तो तुकडा खाल्ल्याशिवाय बैल थाप ऐकूनही हलत नसे. वडील हसायचे. शेवटचा थांबा, घाई कसली.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आमच्या चाळीच्या भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या. वडील सभांना जात, रात्री घसा बसवून परत येत. हरताळ असला की शाळा बंद, दुकानं बंद. ज्या दिवसाचं सांगते आहे त्या दिवशीही हरताळ होता. पण लोकांच्या चुली पेटायला हव्यात म्हणून शेठने सकाळी गाडी बाहेर काढायला लावली, वर सांगितलं, "दुपारच्या आत तबेल्यात." वडिलांना नाही म्हणता येईना. आईने मला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "बापाशीक दे नि सरळ घराक ये."

मी काळाचौकीला त्यांना गाठलं तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हतं. लांबून, लालबागच्या बाजूने, गलका ऐकू येत होता. मग एकदम फटाफट आवाज झाले आणि गल्लीच्या तोंडाशी पांढरा धूर दिसला. डोळ्यांना मिरची लागल्यासारखं झालं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग मी आले त्या रस्त्याकडे बघितलं.

"आता घराक जावक जमाचा नाय," ते म्हणाले. "माझ्यावांगडा चल. चाकाक धरून चल."

तेवढ्यात धुरातून पाचसहा जण पळत आले. त्यातला एक आमच्याकडेच जेवायला येणारा. नाकाला ओला रुमाल बांधलेला, तरी मी त्याला ओळखलं.

"दादा, बरं झालं भेटलास," तो धापा टाकत म्हणाला. "एक डबा दे. नाक्यावर गोण्या आडव्या टाकल्यात, पेटवायच्यात."

"नाय."

"नाय म्हणजे? सभेत पहिल्या रांगेत बसतोस ना?"

"उद्या पण बसतलंय. घासलेट मागू नको."

"शेठचा माणूस झालास काय रे?"

"तुझ्या वहिनीचो चुलो ह्याच गाडीवर पेटता," वडील म्हणाले. "गाडी गेली तर सांजच्याक खंय जेवतलंस, ता आधी सांग."

त्याने रुमाल नाकावर ओढला. पण त्याच्याबरोबरचा एक दांडगा माणूस गाडीच्या मागे गेला आणि त्याने चावीला हात घातला. वडिलांनी त्याला अडवलं नाही. त्यांनी फक्त हात लांब करून चावीची पितळी मूठ उपसली आणि खिशात टाकली. मुठीशिवाय चावी फिरत नाही. दांडग्याने टाकीवर लाथ मारली. टाकी घंटेसारखी वाजली. आमच्याकडे जेवणारा त्याला म्हणाला, "सोड रे, पोरगी आहे बरोबर," आणि ते पुढे पळाले.

मी घाबरले ती त्यांना नाही. मला कळलं होतं की पोलीस मागून येत आहेत, आणि आग लागलेल्या रस्त्यात घासलेटने भरलेली गाडी दिसली तर ते विचारणार नाहीत की मूठ कुणाच्या खिशात आहे. गाडी जप्त, वडील आत. आणि मग ट्रंक.

वडिलांनी थाप मारली. "चल रे पुता."

बैल निघाला, आणि पुढच्या चाळीपाशी थांबला.

वडिलांनी वेसण ओढली. तो जागचा हलला नाही. गाडीला मागून खांदा लावला, तरी नाही. चाबूक होताच कुठे? त्यांनी नुसतीच थाप मारली. बैलाने कान हलवले, बस. आधी ठोक, मग थाप. त्याला तसंच शिकवलं होतं. शेवटी वडिलांनी माप काढलं आणि टाकीवर ठोकलं. रिकाम्या रस्त्यात तो आवाज केवढा वाटला. लगेच वर दारं उघडली आणि डबे घेऊन बायका उतरल्या. हरताळ किती दिवस चालेल कुणाला ठाऊक, त्यांना घासलेट हवंच होतं.

"बंद, बंद, आज विक्री नाय," वडील हात जोडून म्हणाले.

"मग ठोकलंस कशाला?" एकीने विचारलं. "आमची मस्करी करतोस?"

"तुमका नाय ठोकलंय. बैलाक ठोकलंय."

"बघा गो, ह्याचो बैल घासलेट घेता," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. वडिलांनी थाप मारली, आम्ही निघालो. पुढच्या चाळीपाशी तेच, त्याच्या पुढेही तेच. प्रत्येक ठिकाणी तो आवाज, प्रत्येक ठिकाणी बायका. मागचा गलका जवळ येत होता. वडिलांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. ज्या शिकवणीची ते इतके महिने फुशारकी मारत होते, तिच्या एकेका थांब्याला ते आता दात आवळून ठोक देत होते. शिवी मात्र त्यांनी बैलाला दिली नाही.

घोडपदेवच्या नाक्यावर पोलीस उभे होते. हातांत काठ्या, दोघातिघांकडे बंदुका. त्यांच्या बरोबर समोर, रस्त्याच्या मधोमध, म्हातारीच्या चाळीपुढे, आमचा बैल थांबला.

हवालदार पुढे आला. "काय आहे टाकीत?"

"घासलेट, साहेब. तबेल्यात न्यायचंय. इथे मागेच." पोलिसांशी वडील शुद्ध बोलायचे.

"मग ने. इथे प्रदर्शन मांडलंय?"

वडिलांनी ठोकलं. पोलिसांनी वळून बघितलं. थाप मारली. बैल वर गॅलरीकडे बघत उभा.

"बैल तुझा की तू बैलाचा?" हवालदार म्हणाला. मागचा अधिकारी ओरडला, "क्या तमाशा है? गाडी ताब्यात घ्या."

"साहेब, भाकरी खाल्ली की जातो तो," वडील म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता.

मी फडकं सोडलं आणि वडिलांची भाकरी बैलापुढे धरली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. बोंबलाचा वास लागला असेल, किंवा माझा हात ओळखीचा नसेल. गाडीच्या जोखडाला एका शिपायाने हात घातला होता. मी कुणाला न विचारता रस्ता ओलांडला. मागून "ए पोरी" असं ऐकू आलं. मी जिना चढले आणि म्हातारीचं दार बडवलं.

"कोन हाय?"

"घासलेटवाल्याची मुलगी. बैल थांबलाय."

"मग थांबंल न्हाई तर काय. आज बंद हाय न्हवं?"

"पोलीस गाडी नेताहेत, आजी. तुमची भाकरी खाल्ल्याशिवाय तो हलत नाही."

आत डबा वाजला. दार उघडलं. पदराचं ओलं टोक डोळ्यांना लावून, दुसऱ्या हातात शिळी भाकरी घेऊन ती माझ्या आधी जिना उतरायला लागली. गुडघे दुखत असावेत, प्रत्येक पायरीला ती कठड्याला धरत होती आणि मला वाटत होतं की खाली आता रिकामा रस्ताच दिसणार.

गाडी होती. म्हातारी पोलिसांच्या मधून सरळ बैलाकडे गेली.

"सरक रं जरा," ती शिपायाला म्हणाली, "बुजतंय जनावर." मग वडिलांकडे वळली. "आनि तू, असल्या दिवसात मुक्या जिवाला भाईर काढलंस व्हय? अक्कल हाय का?"

"शेठने..." वडील म्हणाले.

"शेठ बसलाय घरात." तिने भाकरी मोडून बैलाच्या तोंडाशी धरली. बैल खायला लागला. रोज खायचा तसा, संथ, जबडा एका बाजूला फिरवत.  हवालदार काठी टेकवून बघत होता. मागे लांब पुन्हा दोन फटफट आवाज झाले, अधिकाऱ्याने तिकडे मान वळवली आणि माणसांना पुढे व्हायची खूण केली. शिपायाने जोखड सोडलं.

वडिलांनी झाकणावर थाप मारली. "चल रे पुता" म्हणायच्या आधीच बैल तसाच चालायला लागला.

तबेल्याच्या दारात शेठ उभा होता. त्याने टाकीला पडलेला लाथेचा पोचा हाताने चाचपला, चावी बघितली, मूठ कुठे म्हणून विचारलं. वडिलांनी खिशातून काढून दिली. शेठने ती बसवून फिरवून पाहिली, बैलाच्या चारही पायांवरून हात फिरवला.

"उद्या नको," तो म्हणाला. "हरताळ उठला की ये."

त्या संध्याकाळी आईने ट्रंक ओढली आणि तिच्यात आमचे सणाचे कपडे घडी करून ठेवले. मग ट्रंक परत खाटेखाली सरकवली. वडील जेवत होते, त्यांच्या शेजारी तो रुमालवालाही जेवत होता. दोघं एकमेकांकडे न बघता जेवले. मग त्याने विचारलं, "दादा, तुझा बैल उद्या मला देशील काय, मोर्चाच्या पुढे उभा करायला? पोलिसांच्याने हलायचा नाय." वडील हसले, तेव्हा कुठे मी घास घेतला.

गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली. मुंबईसकट महाराष्ट्र झाला तेव्हा वडील गाडीवरच होते. मी सातवीत गेले, मॅट्रिक झाले, सकाळी शिकवण्या करून कॉलेजला गेले आणि बी.ए. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.