इस्रायलमधून गप्प बसून केलेला फोन

चहा जरा निवू द्या, तोवर माझा एक शहाणपणा ऐकून घ्या. तो मी थेट इस्रायल देशात जाऊन केला, म्हणजे केवढा असेल बघा.

आपल्याकडं मोबाईल नुकते कुठं दिसायला लागले होते तेव्हाची गोष्ट. ठिबक बघायला राहुरीकडचे वीसेक शेतकरी तिकडं निघाले, त्यात मीही. शाळेची पायरी कधी चढलो नाही, पण झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी कसं पडतं ते डोळ्यांनी बघायचं होतं. निघताना बाळूच्या आईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, एकच सांगितलं, "इमान उतरलं की कळवा. तवर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई."

आमच्यातले सुभाषराव डाळिंबवाले शिकलेले. त्यांनी तिथल्या विमानतळावरच एक मोबाईल भाड्यानं घेतला. वापरायचा सगळ्यांनी, पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. मी तो उलटासुलटा करून बघितला. वायर नाही, काही नाही. मग आवाज जातो कुठून? आणि पैसे घेतात ते नेमके कशाचे?

"तात्या, मोजकं बोला," सुभाषराव म्हणाले. "इथनं लई महाग पडतंय."

त्यावर मी जेवणभर विचार केला. मला सांगा, एस.टी.त जो बसतो तोच तिकीट काढतो ना? म्हणजे इथून माझा आवाज गेला तर त्याचं तिकीट मला. पण तिकडून बाळूच्या आईचा आवाज आला, त्याच्याशी माझा काय संबंध? मी बोललोच नाही, नुसतं ऐकलं, तर सगळं फुकट. फोन आला म्हणजे मी पोचलो, हे तिला कळेलच. एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या माणसांना कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटलं.

सुभाषरावांनी नंबर लावून दिला आणि ते जरा लांब जाऊन बसले.

"हॅलो," बाळूची आई म्हणाली. इतकं स्पष्ट, की मागं गोठ्यात म्हैस ओरडली तीही ऐकू आली. मी खूश होऊन मान डोलावली.

"हॅलो, कोन बोलतंय?"

मी हसलो.

"बाळ्या, हिकडं ये रं. कोनी बोलंना. नुसता श्वास ऐकू येतुया."

"चावट असंल कोनी. ठेव तू," बाळू लांबून म्हणाला.

"कोन रं तू मुडद्या? तुला आयाभनी न्हाईत का?"

समुद्रापलीकडच्या शिव्या फुकटात ऐकायला मिळत होत्या. मी फोन कानाला आणखी चिकटवला. मग बऱ्याच वेळानं ती एकदम थांबली.

"अहो, तुमी हाय का?"

मी जोरजोरात मान हलवली.

"आगं बया, हेच हायती. बोलंनात का पन? बाळ्या, ह्यांची वाचा गेली का रं?"

"वाचा कशी जाईल?" हा आवाज शेजारच्या सगुणाबाईचा. "कोनीतरी डांबून ठिवलं असंल. तोंड बांधलं असंल."

बाळूची आई रडायला लागली. आता मात्र मला राहवेना. एक शब्द खर्चायचा ठरवला. तिनं पुन्हा विचारलं, "अहो, तुमीच हाय ना?" आणि मी म्हणालो, "व्हय."

त्या फोनची एक खोड मला ठाऊक नव्हती. इथं बोललेलं तिकडं जरा उशिरा पोचायचं. माझं "व्हय" वाटेत असतानाच सगुणाबाईनं फोन हिसकावून विचारलं, "भावजी, तुमास्नी डांबून ठिवलंय का?" त्यावर ते नेमकं जाऊन पडलं.

तिकडं गलका उठला. मला वाटलं, आनंद झाला. मी लाल बटण दाबलं आणि फोन नेऊन दिला.

"एकच शब्द खर्चला," मी म्हणालो.

सुभाषरावांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तात्या, बारा मिनिटं झाली. गप बसलं तरी ह्याचं मीटर पळतंय."

अर्ध्या तासात आम्हाला सहलीला आणणाऱ्या कंपनीचा फोन आला. तुमच्यातल्या एका म्हाताऱ्याला कोणी धरून ठेवलंय म्हणे, त्याच्या दारात गाव जमलंय आणि पोरगा पोलिसांत निघालाय. सुभाषरावांनी पुन्हा घरचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला. "किती बी बोला, पन आता बोला."

"अगं, मी हाय. ठनठनीत हाय. कोनी डांबलं बिंबलं न्हाई."

"मग मगाशी गप का बसला हुता?"

मी तिला एस.टी.च्या तिकिटाचा सगळा हिशेब नीट समजावून सांगितला.

"चूक माझीच झाली," ती म्हणाली. "चाळीस वरसं घरात असंच गप बसता. मी पयल्या झटक्यातच वळखायला पायजे हुतं."

मी गप्प बसलो, आणि मीटर पळत राहिलं.