व्हॅनमधली पुढची सीट

चर्चच्या प्रत्येक मंडळीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक जबाबदार माणूस नेमावा, असं वरून पत्र आलं तेव्हा आमच्याकडे कोणी पुढे येईना. मी नऊ वर्षं रविवारची शाळा घेत होते, म्हणून पाळकसाहेबांनी माझं नाव लिहून टाकलं. पालघरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथले नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून चर्चच्या भिंतीला चिकटवले. वर्गात दोन मोठी माणसं हवीत. गाडीत मूल कोणाबरोबर एकटं नको. सगळ्यांनी खाली सह्या केल्या, माझ्या नणंदेच्या यजमानांनी, भावोजींनीही.

भावोजींशिवाय मंडळीचं पान हलत नसे. दर रविवारी ते स्वतःच्या व्हॅनमधून मनोरकडच्या पाड्यांवरची मुलं आणत आणि उपासनेनंतर परत सोडत. सरावलीत आमचं घर एकच. खाली ते आणि नणंद, वर आम्ही.

एका रविवारी वर्ग सुटला, मुलं व्हॅनकडे पळाली, आणि दहा वर्षांची एक मुलगी सँडलचा पट्टा लावत बसून राहिली. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. तिचा पाडा सगळ्यात शेवटचा.

“चल, गाडी थांबलीय,” मी म्हटलं.

“मना नाय जायचं.”

“का गं?”

तिनं मान वर केली नाही. “सगळी उतरली का मी एकटीच रायते. मंग ते मना पुढं बसवतात. तरास देतात.” मग म्हणाली, “आयेला नका सांगू.”

खोदून विचारू नका, विश्वास ठेवा आणि पोलिसांना कळवा, असं आम्हाला शिकवलं होतं. कळवणं आपल्या मर्जीवर नसतं, तो कायदा आहे. “तू सांगितलंस ते बरं केलंस,” एवढं मी तिला म्हटलं. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी नव्हती, नणंद होती.

त्या दिवशी मी व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. मुलीला तिच्या दारात सोडलं. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच उरलो.

“आज कशी काय आलीस?” भावोजींनी विचारलं.

“नियमच आहे ना तसा.”

बोईसरच्या फाट्याला त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग अगदी शांतपणे म्हणाले, “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

“तसं नाही, भावोजी,” मी म्हणाले.

हे माझेच शब्द.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “आधी प्रार्थना करू. एवढ्या चांगल्या माणसाचं नाव घेण्याआधी दहादा विचार करावा.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा रात्रपाळीहून आला. ऐकून तो पलंगावर बसला आणि त्यानं एकच विचारलं, “ताईचं काय होईल?” त्याच दुपारी नणंद वाटीत कोलंबीचं कालवण घेऊन वर आली. मी हसून वाटी घेतली. पण ती धुऊन परत द्यायला खाली जायचं धाडस होईना.

तीन रविवार मी त्याच सीटवर बसले आणि मुलगी सुरक्षित आहे अशी स्वतःची समजूत घातली. चौथ्या आठवड्यात, बुधवारी, नणंद सहज बोलून गेली, “हे पाड्यावर गेलेत, ब्लँकेटं वाटायला.” बाकीचे सहा दिवस मी मोजलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पाडा गाठला. मुलीची आई नाचणी कापत होती. मी सगळं सांगितलं, पोलिसांत जायला हवं तेही. तिचा विळा थांबला नाही. ओळ संपवून ती उठली.

“आमचं कोन ऐकनार हाय तिथं? तुमी येनार संगं?”

“येते.”

पोलीस ठाण्यात साध्या कपड्यांतल्या एका पोलीस बाईंनी मुलीशी आईच्या समोर, हळू बोलून सगळं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?” मी दिवस सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. “आणि आज येताय?”

भावोजींना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. खटला चालू आहे. त्यांना पाड्यांकडे आणि चर्चमध्ये जायची बंदी आहे, पण घर त्यांचंही आहे. खालून त्यांचा खोकला ऐकू येतो. नणंद माझ्याशी बोलत नाही. आम्ही खोली बघतोय. नवरा रोज म्हणतो, पुढच्या महिन्यात. उपासनेला माझ्या बाकावर मी एकटीच असते. मुलांची जबाबदारी मात्र अजून माझ्याकडेच आहे, कारण ती कोणाला नको आहे.

मध्यंतरी मनोरच्या बाजारात मुलीची आई भेटली. मुलगी शाळेत जाते, जेवते, म्हणाली.

“रविवारी याल का कधी?” मी विचारलं. “आता गाडीत दोन बायका असतात.”

“तुमच्यावर राग नाय,” ती म्हणाली. “पन तिला आता तिथं नाय धाडनार.”

मी मान हलवली. ती मिरच्या निवडत राहिली आणि मी बोईसरच्या गाडीसाठी रांगेत जाऊन उभी राहिले.