रेडिएटरचाचांचा घोडा

रेडिएटरचाचा कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढायचे. एक-दोन नाही, तीस-चाळीस. माझ्या नसरापूरच्या दुकानात ते कॅमेऱ्यातलं कार्ड आणून द्यायचे आणि मी उघडून बघावं तर सगळे काळे. पहिल्यांदा मी म्हटलं, "चाचा, झाकण काढायचं राहिलं." तर म्हणाले, "राहिलं न्हाई, ठेवलंय. अंधारात बी कॅमेऱ्याला ठिपके दिसत्यात. ते त्याचे सोताचे. आदी ते वजा कर, मंग आभाळाचं बघू."

मी शिवऱ्याची. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही फिजिक्समधली, आणि हे मी न विचारता सांगते. दुकानात कॉम्प्युटरवर फॉर्म भरते, झेरॉक्स काढते. चाचा सातवी शिकलेले. कापूरहोळला ट्रकचे गळके रेडिएटर झाळून द्यायचे. आता त्या जागी टायरवाला बसतो. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधला वायू आणि धूळ, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तो फोटोत कसा उतरतो, ते मला चाचांनी दाखवलं. दारातूनच विचारायचे, "काय ग्रॅज्युएट, मशीन मोकळी हाय का?"

दुर्बीण त्यांच्याकडे नव्हतीच. दोन फळ्या, दाराची बिजागरी आणि एक लांब बोल्ट. बिजागरी ध्रुवताऱ्याकडे धरायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि आभाळ सरकेल तसा बोल्ट हाताने फिरवायचा, मिनिटाला एक फेरा. तांबडा रंग नीट यावा म्हणून कॅमेरा खोलून आतली एक काचही त्यांनी काढून टाकली होती. हायवेच्या उजेडात काही मिळत नाही, म्हणून अमावास्येच्या सुमाराला टेम्पोने वेल्ह्याकडे जायचे.

"मोटर बसवा की," मी म्हणायचे.

"ती बिगडली की दुरुस्त कोन करनार? मीच ना?"

त्यांना घोडा हवा होता. मृगाच्या तीन ताऱ्यांतल्या शेवटच्या ताऱ्याजवळ तांबूस मेघ आहे आणि त्याच्यापुढे काळ्या धुळीचं घोड्याचं डोकं. फार पुसट. शेकडो फोटो एकावर एक रचावेत तेव्हा कुठं उमटतं. चाचांना साखर होती, डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. आहे ती नजर किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. "ह्यो हिवाळा घोड्याचा," चाचा म्हणाले.

वेल्ह्याच्या तीन फेऱ्यांचे फोटो रचले तरी तिथं नुसता डाग. चाचा स्क्रीनला तोंड लावून बघत राहिले, ते मला बघवेना. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी मी माऊसने तो डाग गडद केला, नाक कोरलं, मान काढली.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग शेजारच्या ताऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो लांबट का आलाय?"

"बोल्ट फिरवताना हात हलला असेल."

"हलतोच. समद्या ताऱ्यांत माजा हात हाय. मंग घोड्यात कसा न्हाई?"

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"लई शिकलीस गं," ते म्हणाले आणि मागवलेला चहा तसाच ठेवून गेले. ती फाईल मी पुसून टाकली.

पुढच्या अमावास्येला ते पुन्हा गेले. तिच्या पुढच्याही. नंतर कार्ड घेऊन आले ते चाचींचा हात धरून. जुने-नवे सगळे फोटो रचायला मशीनला दुपार लागली. चित्र आलं तेव्हा त्यांच्यासाठी स्क्रीन म्हणजे नुसता उजेड उरला होता.

"दिसतोय का?"

मी काहीही सांगितलं असतं तरी ते तपासू शकणार नव्हते. चाचीही माझ्याकडे बघत होत्या. मी 'हो' म्हणावं, असं त्यांना वाटत होतं.

"तांबड्यात काळी खाच आलीय चाचा. मान असावी. नाक नीट कळत नाही."

"नाक न्हाई?"

"नाही. आणि जरा लांबट आलाय."

चाचा खुर्चीत मागं रेलले.

"मंग माजाच हाय त्यो," म्हणाले.