सोंग
लिफ्टमध्ये कुणाच्या कपड्यांना मशीन थंड ठेवायच्या कूलंटचा आंबूस वास आला, की आजही माझं डोकं फिरतं. थोरला भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात होता. वरून निसटलेला लोखंडी हुक त्याच्या डोक्यावर आदळला. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि पंधरवड्यात तो कामावर गेला, पण तासाभरातच मशीनशेजारी मटकन बसायचा. एक दिवस सुपरवायझरनं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तर तो लाईनवरच्या सगळ्या कामगारांसमोर रिपोर्ट नाचवत ओरडत होता, "नॉर्मल लिहिलंय, नॉर्मल! झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाय!" मी त्याच्या हातातला रिपोर्ट घेतला आणि भावाला रिक्षात घालून तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड शाबूत आहे, रक्त साचलेलं नाही, एवढंच हा रिपोर्ट सांगतो. मार बसला की मेंदूच्या पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या मंदावतात, त्या चालवणाऱ्या जनुकांचंही काम बिघडतं. ते यात दिसतच नाही." माझं रक्त उसळलं. तोच रिपोर्ट त्या सुपरवायझरच्या घशात कोंबावासा वाटला. भाऊ मात्र हळूच म्हणाला, "म्हंजी हे सोंग नाय ना, मॅडम?" विचारलं त्यांना, बघत होता माझ्याकडं. त्या सुपरवायझरला मी अजून शिव्या घालतो. पण ती म्हण त्याच्या आठ दिवस आधी, आमच्याच घरात, सकाळच्या चहाला, मीच भावाला ऐकवली होती.