झुंबरमावशींची रेघ

आंदर मावळातल्या आमच्या गावात ड्रोन आला तेव्हा मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होतो, आणि अजूनही आहे. त्यामुळे झुंबरमावशींच्या बाबतीत मला हात झटकून मोकळं होता येत नाही.

योजना वाईट नव्हती, हे आधी सांगून टाकतो. गावठाणातल्या घरांचा धड नकाशाच कधी नव्हता. आता वरून फोटो काढायचे, त्यावरून नकाशा करायचा आणि घरटी प्रॉपर्टी कार्ड द्यायचं. हद्द वरून दिसावी म्हणून ज्याने त्याने आपल्या जागेभोवती चुन्याची रेघ मारायची. आलेली सूचना मी गावच्या ग्रुपवर जशीच्या तशी टाकली. ती मलाच नीट कळली नव्हती, पण आलेलं पुढे ढकलण्यात आम्ही पटाईत. मावशींचा फोन साधा, म्हणून त्यांना जाता जाता दारातूनच सांगितलं, की सरकारी मोजणी आहे, उद्या चुना मारून ठेवा.

हे शब्द त्या बाईच्या कानाला कसे लागले असतील, याचा मी विचारच केला नाही. मावशी सत्तरीच्या. त्या लहान असताना माहेरी मोजणीवाले आले, दगडांवर चुन्याचे पट्टे मारून गेले, आणि काही वर्षांत धरणाचं पाणी त्या पट्ट्यांना येऊन टेकलं. लग्न होऊन त्या इथे आल्या. नवऱ्यासोबत, अंबाजींसोबत, ओढ्याकाठची भातखाचरं कसली. तिथेही एक दिवस चुना पडला, आणि चुन्याच्या आतलं सगळं कारखान्यांसाठी गेलं. अंबाजी त्यानंतर फार जगले नाहीत. मावशींनी म्हशी पाळून, डेअरीला दूध घालून सत्यमला वाढवलं.

हा सत्यम मळवलीला एका बंगल्यावर राखणदार आहे. तिथल्याच मागच्या खोलीत तो बायको आणि लेकीसह राहायचा. मालकाने बंगला विकायला काढला तेव्हा त्याने आईच्या घरामागच्या परसात घरकुल योजनेतून दोन खोल्या बांधायचं ठरवलं. परसू म्हणजे केवढं, पंधरा पावलं लांब, त्यात एक गोठा आणि शेवग्याचं झाड. पण मुलगा घरी येणार, एवढ्या एका गोष्टीवर मावशी दिवस काढत होत्या.

म्हणून त्यांनी चुन्याची रेघ मारली ती घराच्या भिंतींना चिकटून. परसू रेघेच्या बाहेर ठेवलं. शेजारच्या हनुमंतने मात्र आपली रेघ पार रस्त्यापर्यंत नेली होती. मावशी मुद्दाम पंचायतीत येऊन मला म्हणाल्या, "परदीप, त्या हनुमंताला समजाव. लय मोठी रेघ वडलीया त्यानं." मला वाटलं, शेजाऱ्यांची नेहमीची कुरबुर. त्याची काळजी वाटून सांगतायत, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पुढे चौकशीला मोजणी खात्याचे साहेब आले. हातात नकाशा. रेघेच्या आतलं तेवढंच तुमचं का, असं त्यांनी विचारलं. मावशी ठामपणे म्हणाल्या, "व्हय सायेब, येवढंच माजं. बाकी माजं काय न्हाई." अंगठ्यासाठी शाईचा पॅड मीच पुढे धरला होता. गोठा त्यांचा आहे हे गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. पण साहेबांना जेवणाआधी चाळीस घरं उरकायची होती, आणि मी गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

कार्डं वाटली त्या दिवशी मावशी खुशीत होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "परसू वाचिवलं बघ. कागदावर येऊच दिलं न्हाई." तेव्हा मला सगळा उलगडा झाला. हरकतीची मुदत संपून गेली होती. मी 'बरं मावशी' म्हटलं आणि घरी निघून आलो.

बंगला विकला गेला. सत्यम घरकुलाचा अर्ज घेऊन आला, सोबत मावशीही होत्या. नकाशात परसू ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत गेलं होतं. दुसऱ्याच्या जागेवर घरकुल मंजूर होत नाही. अपील करता येतं, मी म्हणालो, पण ते आईच्याच अंगठ्याविरुद्ध करावं लागेल. सत्यम चिडला नाही. नुसता संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला.

मावशींना अजून पुरतं कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मंग हनुमंताचं किती नेलं?"

"नेलं न्हाई मावशी. त्याला दिलं."

त्या सत्यमकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, मी राखलं."

त्याच आठवड्यात सत्यमने कामशेतला भाड्याची खोली घेतली. आईलाही चल म्हणाला. त्या गेल्या नाहीत. परसू सोडून कशी येऊ, म्हणाल्या.